नगरसेवकाकडे काय मागायचं आणि काय मागू नये

वाळपईहून पणजीत शिकायला आलेल्या मुलाने विचारलंय, की शहरातल्या राजकारणाने त्याच्या पुढच्या आयुष्यात काही फरक पडतो का, की आमदाराची ओळखच कामाला येते. फरक पडतो, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त.

२०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती, प्रभाग ३०. म्हणजे एका प्रभागात सरासरी १,३००-१,४०० माणसं, मतदार त्याहून कमी. तिथे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या ४०-५० मुलांची नावं मतदार यादीत असली, तर नगरसेवकाला त्यांच्या गल्लीतला बंद दिवा दिसायला लागतो. नावं नसतील तर तुम्ही त्याच्या लेखी पाहुणे. ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असेल तरच प्रभाग समित्या घटनेने बंधनकारक आहेत, आणि गोव्यातलं एकही शहर तेवढं मोठं नाही. त्यामुळे नगरसेवक हाच काय तो दुवा.

आधी पत्ता नीट बघा. विद्यापीठ ताळगाव पठारावर, आणि ताळगावला पंचायत आहे. तिथल्या वसतिगृहात राहून पणजीच्या महापौरावर राग काढण्यात अर्थ नाही, पंचाला गाठा.

मतदार यादीत नाव कुठेच नसेल तर नव्या नोंदणीसाठी फॉर्म ६, गावच्या यादीत असेल तर स्थलांतरासाठी फॉर्म ८. इथेच बहुतेकांचं चुकतं: जुनं नाव असताना पुन्हा फॉर्म ६ भरतात. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे. वसतिगृहातल्या मुलांनी संस्थेचं बोनाफाईड जोडावं. घरचा पत्ता की वसतिगृहाचा, ही निवड त्यांची. निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका, बीएलओची, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, पडताळणी वेळ खाते.

आता नोकरी. नगरसेवक किंवा आमदार 'क' वर्गाची सरकारी नोकरी देतो, हा समज कृपा करून सोडा. २०१९ च्या कायद्याने ही भरती गोव्याच्या कर्मचारी निवड आयोगाकडे गेली, परीक्षा संगणकावर होते. पैसे घेऊन नोकरी लावतो म्हणणारे २०२४ मध्ये पकडले गेले, पण गेलेले पैसे आईबापांचे होते. त्यापेक्षा मामलेदाराकडून १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जाहिरात यायच्या आधीच काढून ठेवा, कोकणी पक्की करा. दाखल्यावाचून अर्ज अडला की वर्षाची तयारी फुकट जाते.

नगरसेवकाकडे मागायचं ते वेगळं: रात्री अभ्यासिकेतून परतण्याच्या वाटेवर दिवे, चालता येईल असा फुटपाथ, बाजारात छोट्या धंद्याला परवाना. तोंडी सांगू नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, पण 'दिवे का नाहीत?' असं विचारू नका, तसल्या प्रश्नाला 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून वाटेला लावतात. 'प्रभाग अमुकमधल्या पथदिव्यांवर गेल्या आर्थिक वर्षात झालेल्या खर्चाची बिलं आणि कार्यादेशांच्या प्रती' असं कागदाचं नाव घेऊन मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत. तेवढ्यात आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.