आशा म्हणजे नुसता सकारात्मक विचार का?

प्रश्न : सकाळी मोबाईल हातात घेताच युद्धाच्या बातम्या आणि इतरांच्या यशाची छायाचित्रे दिसतात व प्रार्थनेआधीच मन खचते. देवाने आपल्यासाठी आशेचे भविष्य योजले आहे, हे बायबलमधील संदेष्टा यिर्मया याचे वचन उपासनेत ऐकते. पण ते माझ्यासाठी नाही असे वाटते.

उत्तर : ते वचन (यिर्मया २९:११) संदर्भ सोडून एकटेच वाचले जाते, ही मला खरी अडचण वाटते. बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान म्हणून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मयाने पाठवलेल्या पत्रातले ते वचन आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात ७० वर्षांचा काळ सांगितला आहे. म्हणजे ते ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा मात्र दोनच वर्षांत सारे पूर्ववत होईल असे सांगत होता, आणि यिर्मयाने त्याला खोटा संदेष्टा ठरवले. पत्रात देव त्यांना घरे बांधायला, मळे लावायला, मुलाबाळांची लग्ने करायला आणि त्या परक्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करायला सांगतो. इतकी साधी कामे सांगितली आहेत, हे मला फार मोलाचे वाटते.

ख्रिस्ती आशेचा आधार ख्रिस्ताचे पुनरुत्थान हा आहे, म्हणून मन खचलेल्या दिवशी ती आशा उणावत नाही. सकाळी मोबाईलआधी बायबलमधील १३ वे स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचनांच्या त्या स्तोत्रात दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर?’ असे विचारतो, तेव्हा तुमची तक्रारही प्रार्थनाच आहे. मग एकच बातमी निवडून तिच्यातील माणसांसाठी प्रार्थना करा.