तुमचे प्रश्न : पेस्टिंगचं औषध आणि संडासातलं अ‍ॅसिड

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नवराबायको नान्नजकडं द्राक्षाच्या बागेत टोळीनं कामाला जातो. ऑक्टोबर छाटणी झाली की पेस्टिंग असतं, डब्यातलं औषध बोळ्यानं वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात तिथं, लावत जायचं. गेल्या वर्षी त्याच दिवसांत मिस्टरांनी संध्याकाळी जरा घेतली की तोंड कानापर्यंत लालभडक, छातीत धडधड, उलट्या, एकदा तर चक्कर येऊन अंगणातच पडले. टोळीतले म्हणतात दारू भेसळीची होती, सासूबाई म्हणतात कुणीतरी काहीतरी केलंय. पण एरवी तिथलीच घेतात, काही होत नाही. आता परत छाटणी आलीय, जीव घाबरतोय. काय असेल?

उत्तर : ताई, बरं झालं विचारलंत. तुम्ही सांगताय त्यावरून मला तरी दारूची भेसळ वाटत नाही आणि कुणी काही केलेलंही नाही, हे पेस्टिंगच्या औषधाचंच काम दिसतंय. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जे लावतात त्यात बहुतेक ठिकाणी हायड्रोजन सायनामाईड असतं. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं आणि लिव्हरमध्ये दारू पचवणारं जे एन्झाइम असतं ते बंद पाडतं, मग दारू अर्धवट पचून तिचं विष रक्तात साठतं आणि तोंड लाल होणं, धडधड, उलटी, बीपी एकदम खाली येणं हे सगळं सुरू होतं. दारू सुटावी म्हणून डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांच्यावर कोणी प्यायला तर हेच होतं. इटलीत २००२ ते २००४ मध्ये मजुरांना या औषधाचा त्रास झाल्याच्या केसेस सरकारदरबारी नोंदल्या गेल्या आणि २००८ मध्ये युरोपियन युनियनने ते वापरातून काढायचा निर्णय घेतला. आपल्याकडे ते अजून डब्यात ओतून बायकांच्या हातात देतात आणि दारूचं कुणी कुणाला सांगत नाही, याचा मला खरंच फार राग येतो.

म्हणून मिस्टरांना एवढं सांगा, पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यावर पुढे आठवडाभर एक थेंबही नको. दारू वाईट असते वगैरे मी सांगत नाहीये, तो तुमच्या घरचा विषय, पण हे आठ-दहा दिवस जिवाशी खेळ आहे. तरीही त्रास झालाच तर १०८ ला फोन करून थेट सिव्हिलला न्या आणि डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा, डब्याच्या लेबलचा मोबाईलवर फोटो आधीच काढून ठेवा. नुसतं "बागेत औषध मारत होतो" म्हटलं की डॉक्टरांच्या डोक्यात फवारणीची विषबाधा येते, तिची ट्रीटमेंट वेगळी असते, ती याला चालत नाही.

आणि दारू न पिणाऱ्या तुम्हा बायकांचं काय? हे औषध कातडी जाळतं. एका बागेत मी बघितलंय, एका मावशींच्या ग्लोव्हचा अंगठा फाटला होता म्हणून त्यांनी वरून प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधलेली, संध्याकाळी काढली तर आत औषध साचलेलं आणि अंगठ्याची कातडी पांढरी पडून सुटत होती. फाटका ग्लोव्ह उघड्या हातापेक्षा वाईट, कारण औषध दिवसभर कातडीला चिकटून राहतं. कापडी ग्लोव्ह तर शोषूनच घेतात. मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड नायट्रिलचे, म्हणजे एका प्रकारच्या रबराचे, लागतात आणि अंगात फुल शर्ट. तोंडाला ओढणी बांधून धूळ अडते, वाफ अडत नाही. जेवणाआधी, तंबाखू मळायच्या आधी साबणानं हात धुवायचे, त्यासाठी बांधावर पाण्याचा ड्रम आणि साबण ठेवायला मालकाला सांगा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, त्याचे नियम १९७१ चे, आणि मजुरांना संरक्षक कपडे देणं, काम शिकवणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी त्यात लिहिलेली आहे. एकटीनं बोललात तर दुसऱ्या दिवशी हजेरी लागणार नाही हे मला माहितीय, म्हणून छाटणीच्या आधी मुकादमाला पुढे करून सगळ्या टोळीनं मिळून मागा, त्या दिवसांत माणसं सगळ्यांनाच हवी असतात.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात एका अपार्टमेंटमध्ये सफाईला आहे. संडासात अ‍ॅसिड टाकून वरून ब्लीचिंग पावडर टाकली की चकाचक निघतं, पण खोकला सुटतो आणि डोळ्यातून पाणी येतं. मास्क लावू का?

उत्तर : दादा, मास्कनं भागणार नाही, हे दोन्ही एकत्र करणं आजच बंद करा. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो हवेपेक्षा जड असतो म्हणून खालीच साचतो, म्हणजे तुम्ही उकिडवे बसून घासताय तिथेच, तुमच्या तोंडाशी. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, मग सोसायटीवाले म्हणतात पाणी कमी वापरा आणि पहिलं नीट धुतलं न जाताच दुसरं पडतं, तसं झालं तरी वायू होतोच. एका दिवशी एकच वापरा, खिडकी-दार उघडं ठेवून. अ‍ॅसिड पातळ करायचं तर आधी बादलीत पाणी आणि मग त्यात अ‍ॅसिड, उलटं कधीच नाही, उसळून डोळ्यात जातं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर ते भरूच नका, वॉचमनची लेकरं तिथेच खेळत असतात. कधी वास कोंडलाच तर सगळं तसंच टाकून मोकळ्या हवेत या, आणि बरं वाटलं तरी त्या रात्री एकटे झोपू नका, कारण फुप्फुसात पाणी होणं काही तासांनीही सुरू होतं. दम लागला की लगेच दवाखाना.

प्रश्न : फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुतले तर चालतं का?

उत्तर : नाही चालत. वेगळ्या बादलीत, हातात ग्लोव्ह घालून, दोनदा साबणानं धुवा, कडक उन्हात वाळवा. बाळाची दुपटी त्या बादलीत कधीच नको. आणि फवारून आलेल्या माणसानं लेकराला उचलून घ्यायच्या आधी आंघोळ करावी, घरात शिरायच्या आधीच, मोरी बाहेर असेल तर तिथेच.