सासूबाईंच्या मुठीत मावणारा कॅट

प्रश्न : काका, सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सणाला, आमच्याकडे सगळे जमून रमी खेळतात. सासूबाईंना खेळाची फार हौस, पण बोटांना संधिवात आहे आणि नजरही अधू झाली आहे. धाकट्या भावजींनी गोव्याहून कसिनोत वापरलेला एक प्लॅस्टिकचा कॅट आणलाय. पत्ते देखणे, पण रुंद. सासूबाईंच्या हातून निसटतात. भावजी म्हणतात, कसिनोत हेच चालतात, म्हणजे हेच चांगले. ऑनलाइन ‘पोकर साइज’ आणि ‘ब्रिज साइज’ अशी दोन मापं दिसतात. कोणतं मागवू? आणि गोव्याचा कॅट आमच्या जुन्या कॅटात मिसळला तर चालेल का?
— एक सून, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आधी शेवटचं सांगतो. मिसळू नका. पोकर साइजचा पत्ता साधारण 63 मिलिमीटर रुंद, ब्रिज साइजचा 57. उंची दोन्हींची 89च्या आसपास. सहा मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल, पण रुंद पत्ते गड्डीच्या कडेने बाहेर डोकावतात आणि पुढचा पत्ता कुठल्या कॅटातला आहे हे डोळे मिटूनही कळतं. शिवाय भावजींच्या पत्त्यांना मधोमध भोक आहे का, किंवा कोपरे छाटलेत का, तेही बघा. कसिनोतून उतरलेले पत्ते कुणी पुन्हा टेबलावर घुसवू नयेत म्हणून ते असे बाद करून मगच बाहेर देण्याची पद्धत आहे. भोकाच्या पत्त्यांनी रमी खेळणं म्हणजे समोरच्याला खिडकी उघडून देणं.

आता भावजींचा मुद्दा. मला तो पटत नाही. कसिनोवाले पत्ते निवडतात ते टेबलाच्या सोयीने. ब्लॅकजॅक या कसिनोतल्या खेळाला सहा-आठ कॅट एकत्र पिसून ‘शू’ नावाच्या लांबट डब्यात भरतात. डीलर त्यातून एकेक पत्ता ओढून उघडा मांडतो. अशा टेबलावर खेळणाऱ्याने पत्त्याला बोटही लावायचं नसतं. बॅकरा या तिथल्याच दुसऱ्या खेळाचं गिऱ्हाईक उलट पत्ता कडेकडेने वाकवत, चुरगाळत बघतं, म्हणून तिथे कागदी पत्ते वापरून टाकून देतात. पोकरच्या टेक्सास होल्डेम प्रकारात हातात दोनच पत्ते, तेही टेबलावरच कोपरा उचलून बघायचे. आणि गंमत म्हणजे कित्येक कसिनोंत पोकरच्याच टेबलावर अरुंद, ब्रिज मापाचे पत्ते असतात! तेरा पत्ते मुठीत धरायची वेळ येते ती आमच्या ब्रिजला आणि तुमच्या रमीला. तेव्हा ब्रिज साइज घ्या. एकवीस पत्त्यांची रमी खेळत असाल तर दुसरा विचारच नको.

इथवर सोपं होतं. खरी अडचण आकड्यांची आहे. अधू नजरेसाठी तुम्ही ‘जंबो इंडेक्स’, म्हणजे कोपऱ्यात ठसठशीत आकडा असलेले पत्ते घ्याल, आणि ते घ्यावेतच. पण आकडा मोठा झाला की प्रत्येक पत्ता जास्त उघडा ठेवावा लागतो. एकेका पत्त्यामागे चार मिलिमीटर धरले, तरी तेरा पत्त्यांचा पंखा जवळजवळ पाच सेंटिमीटरने पसरतो. म्हणजे डोळ्यांची सोय केली की अंगठ्याचे हाल. पत्ता अरुंद घेऊन हे पुरतं सुटत नाही.

सुटतं ते सुताराकडे. माझ्या एका जुन्या ब्रिजच्या भिडूला पक्षाघातानंतर डावा हात उचलत नव्हता. त्याच्यासाठी आम्ही सागाची फूटभर पट्टी करून घेतली आणि तिच्यात पत्ते किंचित मागे रेलतील अशी तिरकी खाच पाडली. बूड जड ठेवायला सांगा, नाहीतर पट्टी उलटते आणि सगळा हात जगजाहीर होतो. एकवीस पत्त्यांना दोन खाचा, मागची उंच. भिडूने त्या पट्टीवरून आमचे जे हाल केले ते इथे लिहीत नाही.

प्लॅस्टिकबद्दल मात्र भावजी बरोबर आहेत. आपल्याकडच्या श्रावणातल्या दमट हवेत कागदी पत्ते फुगतात, वाकतात, आणि लीलो चिवड्याच्या, म्हणजे आपल्या बडोद्याच्या ओलसर चिवड्याच्या, हातांनी हाताळले की दोन दिवसांत एकमेकांना चिकटतात. प्लॅस्टिकचे ओल्या फडक्याने पुसता येतात. फक्त सनमायकावर खेळू नका. गुळगुळीत पृष्ठावरून पत्ता उचलायला नख घालावं लागतं, ते सासूबाईंना जमणार नाही; खाली सतरंजी किंवा जाड चादर हवी.

मागवताना दोन गोष्टी बघा. जोडपाकिटात बहुधा एक कॅट लाल पाठीचा आणि एक निळ्या पाठीचा येतो. ती सोय ब्रिजची : एक वाटायचा तोवर दुसरा पिसून ठेवायचा. रमीत दोन्ही कॅट एकत्र पिसतात, म्हणून एकाच रंगाचे, एकाच छापाचे दोन कॅट वेगवेगळे मागवा. आणि ‘बायसिकल’ हे 1885पासूनचं अमेरिकन नाव दिसलं म्हणून भुलू नका. त्यांचा नेहमीचा कॅट रुंद मापाचा आणि कागदी असतो. मंगळ बाजारातून घेणार असाल तर पर्समध्ये फूटपट्टी ठेवा, कारण स्वस्त कॅटांवर माप छापलेलं नसतं.

प्रश्न : दिवाळीत तीन पत्तीसाठी कोणतं माप?
— एक तरुण वाचक, कारेलीबाग

उत्तर : हातात तीनच पत्ते, कोणतंही चालेल. कागदी घेतलेत तर कॅट नवा घ्या. जुन्यातला कोपरा दुमडलेला इस्पिकचा एक्का घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो. विचारलं नाहीत तरी सांगतो, गुजरातेत 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, आणि सणासुदीला पोलिसांना तो बरोबर आठवतो. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. भांडणं तेवढीच होतात.