‘गॅपबद्दल विचारलं तर काय सांगू, मॅडम?’

हा प्रश्न गेल्या दीड-दोन वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलाय की शेवटी लिहायला बसले. चार वर्षं एमपीएससी केली, काही झालं नाही, आता कंपनीत इंटरव्ह्यूला गेलं की पहिलं गॅपचं विचारतात, काय सांगू? कोणाची चार वर्षं, कोणाची पाच, एका मुलीची तर सात होती. नाशिकमध्ये अभ्यासिका भरपूर, तिथून बाहेर पडलेली मुलं सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसीत बायोडाटा घेऊन फिरतात आणि दोन-चार नकार पचवून मग माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात. सगळ्यांना एक पाठ करता येण्यासारखं वाक्य हवं असतं. तसं वाक्य आहेही, पुढे सांगते, पण नुसतं वाक्य पाठ करून काम होत नाही हे मी खूपदा पाहिलंय.

एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला आपण सागर म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि लिहायला त्याची परवानगी आहे. निफाड तालुक्यातला, घरी थोडी द्राक्षबाग, २०१८ ला मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालं, कॅम्पसमधून काही लागलं नाही म्हणून मित्रांबरोबर राज्यसेवेच्या मागे लागला. त्यात २०२० च्या एप्रिलमधली पूर्व परीक्षा कोरोनाने पुढे ढकलली ती ढकलत ढकलत मार्च २०२१ ला झाली, म्हणजे एका पेपरची वाट बघण्यातच वर्ष संपलं. नंतर एकदा मुख्यपर्यंत पोचला आणि थोडक्यात राहिला. माझ्याकडे आला तेव्हा सहा कंपन्यांत इंटरव्ह्यू देऊन झाले होते आणि सहाही ठिकाणी नकार.

पहिल्याच दिवशी मी म्हणलं, मीच इंटरव्ह्यू घेते असं समज, स्वतःबद्दल सांग.

"मी सागर. २०१८ ला मेकॅनिकल झालंय. नंतर फक्त एमपीएससीच केली. घरीच होतो. अनुभव काहीच नाही. पण मॅडम, आता जॉब मिळालाच पाहिजे."

मी ते जसंच्या तसं कागदावर लिहिलं, एका शब्दाला आणि चार अक्षरांना गोल केला आणि कागद त्याच्याकडे फिरवला. एक ‘फक्त’ आणि चार ‘च’.

मी ज्या विचारात घडले तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा. त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली गोष्ट साधी आहे, माणसाला घटना जेवढी पाडते त्यापेक्षा जास्त त्या घटनेबद्दल तो स्वतःशी जे बोलतो ते पाडतं. इंग्रजीत शिकणाऱ्यांना ते माणसाच्या बोलण्यातले ‘मस्ट’, म्हणजे ‘झालंच पाहिजे’, शोधायला लावायचे. मराठीत आपल्याला फार शोधावं लागत नाही, आपल्याकडे ते काम एक अक्षर करतं. घरी होतो आणि घरीच होतो. जॉब मिळाला पाहिजे आणि मिळालाच पाहिजे. पहिलं वाक्य माहिती देतं, दुसरं वाक्य म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षा असते, आणि समोर बसलेल्या माणसाला ती शिक्षा ऐकू येते हो. त्याला क्षणभर वाटतं की हा पोरगा स्वतःच म्हणतोय माझ्यात काही नाही, मग मी कशाला वाद घालू.

सागरला हे पटलं, म्हणजे डोक्याला पटलं. पुढच्या वेळी त्याने ‘च’ गाळून तेच वाक्य म्हणून दाखवलं आणि आवाज तसाच पडलेला. अक्षर गेलं होतं, समज तशीच होती. दोन सेशन असे गेले. मी त्याला विचारायचे की पाच वर्षांत अजून काय काय केलंस, तो म्हणायचा काही नाही, शेतात थोडी मदत. मी तो धागा धरायला हवा होता आणि मी सोडला, हे मला नंतर लागलं.

तिसऱ्या सेशनला, जानेवारीचे दिवस होते, त्याचा फोन वाजला. वडिलांचा. मला सॉरी म्हणत त्याने उचलला आणि मी जे ऐकलं ते असं होतं:

"नाही नाना, ते आत्ता नका मारू. तोडणीला पंधरा दिवस राहिलेत, त्याचा पीएचआय बसत नाही. रेसिड्यूत सापडलं तर सगळा प्लॉट लोकलला घालावा लागेल. खालच्या तुकड्यात चालेल, तो महिनाभर मागे आहे. आणि मारलं की वहीत लिहा, तारीख, डोस, पाणी किती लिटर. ब्लोअर धुतल्याशिवाय वरच्या प्लॉटमध्ये नेऊ नका."

पीएचआय म्हणजे फवारणी आणि तोडणी यांच्यात सोडायचे दिवस, रेसिड्यू म्हणजे द्राक्षात उरलेला औषधाचा अंश. फोन ठेवला आणि पुन्हा खांदे पाडून बसला. "हं मॅडम, काय म्हणत होतो…"

मी विचारलं, आत्ता कोण बोललं?

"नाना होते."

"ते पलीकडे. इकडून कोण बोललं?"

त्याला कळेना. मी म्हणलं, सागर, एक मिनिटभर तू बोललास, त्यात एकही ‘फक्त’ नव्हता. ती वही कोण लिहितं?

मग हळूहळू निघालं. वही २०१९ पासून तो लिहितोय. कारण विचारलं तर म्हणाला, २०१० ला तो शाळेत होता, त्या वर्षी युरोपात आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागाईतदार ज्याला लिहोसिन म्हणतात त्याच्या अंशावरून अडकली होती, नाशिक जिल्ह्यात ज्यांच्याकडे तेव्हा बाग होती त्यांना ते वर्ष विसरता येणार नाही. घरात कितीतरी दिवस कोणी नीट बोलत नव्हतं. तेव्हापासून त्याच्या मनात बसलं की आपल्या बागेची प्रत्येक फवारणी लिहिलेली पाहिजे. कोणता प्लॉट, नोंदणी नंबर काय, काय मारलं, किती मारलं, तोडणीआधी किती दिवस, रिपोर्ट काय आला. आणि कॉलेजचं व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे बारीक मोजमापाचं साधन, घेऊन तो बागेत फिरतो, घड निवडून मण्यांची साईज मोजून लिहितो. एक्सपोर्टवाल्याचा माणूस यायच्या आधी याला माहीत असतं कोणता प्लॉट पास होणार.

आता मी काही इंजिनिअर नाही, पण पंधरा वर्षांत कारखान्यातली इतकी माणसं समोर बसून गेलीत की कोणत्या खात्यात काय चालतं ते साधारण कळतं. माझ्या ओठावर वाक्य आलं होतं आणि मी ते गिळलं. त्याऐवजी विचारलं, कंपनीत क्वालिटीत असतो तो माणूस दिवसभर काय करतो रे?

तो पाठ केल्यासारखं सांगायला लागला. "आलेला माल तपासतो मॅडम. मेजरमेंट घेतो. बॅच नंबरप्रमाणे रेकॉर्ड ठेवतो. रिजेक्शन आलं तर मागे जाऊन शोधतो की कुठल्या बॅचमध्ये, कुठल्या दिवशी…"

आणि थांबला.

मी घड्याळाकडे बघितलं नाही पण ती शांतता चांगली दोन मिनिटांची असेल. अशा वेळी समुपदेशकाला बोलायचा फार मोह होतो, ‘बघ, म्हणजे तू पण…’ असं म्हणून वाक्य पूर्ण करून टाकायचं. मी ते केलं असतं तर ते माझं वाक्य झालं असतं, त्याने मान हलवली असती आणि पायऱ्या उतरेपर्यंत विसरला असता. तो खिडकीतून खाली बघत होता, मग हसला आणि म्हणाला, "मॅडम, ट्रेसेबिलिटी, नोंदीवरून मागे जाऊन शोधता येणं. आम्ही कॉलेजला शिकलो होतो. मी ती वहीत करतोय." एवढ्या वर्षांच्या कामात अशी पाच-सहा मिनिटंच माझ्या जन्मभर लक्षात राहणारी आहेत, त्यातली ही.

आता ज्यांना स्वतःचं उत्तर तयार करायचंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर. गॅप विचारणाऱ्या एचआरला तुमच्या इतिहासात फार रस नसतो. त्याच्या डोक्यात भीती एकच असते की सहा महिने शिकवू आणि जाहिरात निघाली की हा राजीनामा टाकून परत अभ्यासिकेत जाईल. म्हणजे प्रश्न मागच्या वर्षांचा वाटला तरी तो पुढच्या वर्षांचा असतो. म्हणून आयोगाने परीक्षा कशा लांबवल्या, पॅटर्न कसा बदलणार होता, यातलं खरं असलेलंही तिथे सांगत बसायचं नाही, त्याने त्याची भीती कमी होत नाही. आम्ही मिळून जे उत्तर बांधलं ते असं होतं: "२०१८ ते २०२३ राज्यसेवेची तयारी केली. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, निवड झाली नाही. त्याच काळात घरच्या द्राक्षबागेचं एक्सपोर्टचं सगळं रेकॉर्ड मी सांभाळलं, फवारणीच्या नोंदी, मण्यांची मोजमापं, रेसिड्यूचे रिपोर्ट. तपासणीचं आणि नोंदीचं काम मला आवडतं हे तिथे कळलं म्हणून क्वालिटीसाठी अर्ज केलाय. परीक्षा देणं मी आता थांबवलंय."

चाळीस सेकंद. याच्यापुढे गप्प बसायचं, त्यांना विचारू द्यायचं.

यातलं शेवटचं वाक्य सागरच्या तोंडून निघेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं पुढच्या परीक्षेचा फॉर्म त्याने भरून ठेवलाय. मी म्हणलं, मग हे वाक्य म्हणू नकोस, खरं नसेल तर चेहरा सांगतो. आधी ठरव. द्यायची असेल तर खुशाल दे, त्यात काही कमीपणा नाही, मग आपण वेगळं बोलू. त्याने आठ दिवस घेतले, आणि पुढच्या वेळी आला तेव्हा सगळी पुस्तकं अभ्यासिकेतल्या एका ज्युनिअरला देऊन आला होता. हा निर्णय मी सुचवला नव्हता, आणि कोणासाठीही सुचवणार नाही.

अजून एक गोष्ट, कारण तीही सारखी कानावर येते. गॅप झाकायला अनुभवाचं खोटं लेटर आणायचं असा सल्ला देणारे मित्र प्रत्येकाला असतात. करू नका. आता बऱ्याच कंपन्या पीएफच्या यूएएन नंबरवरून आधीच्या नोकऱ्या तपासतात, जिथे पीएफ भरलाच गेला नाही तिथे प्रश्न येतो, आणि जॉइन झाल्यावर पकडलं गेलं तर पुढची दारंही बंद होतात. शेतीलाही ‘कंपनीचा अनुभव’ म्हणून खपवायचं नाही. जे केलं ते त्याच नावाने सांगायचं. आणि इंग्रजीचं म्हणाल तर अडकलात की ‘सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का’ एवढं विचारून बघा, इथल्या प्लांटमध्ये बहुतेक वेळा चालतं.

नकाराची भीती मात्र नुसत्या बोलण्याने जात नाही. सागरला मी एलिस यांची एक गोष्ट सांगितली होती. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना इतकी भीती वाटायची की त्यांनी ठरवलं, महिनाभर न्यूयॉर्कमधल्या बोटॅनिकल गार्डनला जायचं आणि बाकावर एकटी बसलेली दिसेल तिच्याशी बोलायचं. शंभर जणींशी बोलले, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण नकार मिळून काही बिघडत नाही हे कळलं आणि भीती गेली. सागर म्हणाला, मॅडम आमच्याकडे असं केलं तर मार पडेल. मग आम्ही त्याचं नाशिक रूप काढलं, नाही झालं तरी चालेल अशा तीन ठिकाणी वॉक-इनला जायचं आणि घरी येऊन आपल्या उत्तरात ‘फक्त’ किती वेळा आला ते लिहायचं. निकाल लिहायचा नाही.

पहिल्या ठिकाणाहून बाहेर पडून त्याने नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून फोन केला, मागे बसचे हॉर्न. "मॅडम, नाही झालं. पण एकदाच आला."

"काय एकदाच?"

"फक्त."

चौथ्या ठिकाणी, सिन्नरकडच्या एका कारखान्यात त्याचं काम झालं. तिथे गॅपवर एक मिनिटही गेलं नाही, त्यानंतर व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे ते कमीत कमी किती मोजतं, रिजेक्शन आलं तर पहिलं काय बघशील, नाइट शिफ्ट चालेल का, असलंच विचारलं. पगार त्याच्या बॅचच्या मुलांपेक्षा कमी आहे आणि ते त्याला अधूनमधून लागतं, त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणीला त्याने चार दिवस सुट्टी काढली होती. फवारणीची वही आता त्याची धाकटी बहीण लिहिते, आणि रविवारी तो ती तपासतो.