जर्मनीत निर्वासितांच्या अर्जांमुळे आपलं ब्लू कार्ड रखडतं का? आता ते अर्ज कमी झालेत, मग आपलं काम लवकर होईल का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ब्लू कार्डाची (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा आणि कामाचा परवाना) चार वर्षांची मुदत संपत आलीये, आउसलेंडरबेहोर्डेचा, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने देणाऱ्या स्थानिक कार्यालयाचा टर्मिन (भेटीची वेळ) काही केल्या मिळत नाहीये, आणि ऑफिसातले लोक सांगतात, "निर्वासितांनी सगळं तुंबवलंय."

सरळ सांगायचं तर निर्वासितांचे अर्ज घटले म्हणून तुमची फाइल पुढे सरकणार नाही. ते सगळे वेगळ्याच रांगेत उभे आहेत.

मी बरीच वर्षं दक्षिण जर्मनीत राहतो. इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय दर थोड्या दिवसांनी निघतो आणि दर वेळी हाच घोळ होतो. आश्रयाचा अर्ज तपासतं ते न्यूरेनबर्गमध्ये मुख्यालय असलेलं केंद्र सरकारचं कार्यालय. सगळे त्याला 'बाम्फ' म्हणतात. तुमचं ब्लू कार्ड देतं तुमच्या शहराचं किंवा जिल्ह्याचं आउसलेंडरबेहोर्डे. त्यांची माणसं वेगळी, पैसा वेगळा, वरचा साहेबही वेगळा. देशभरात अशी पाचशेहून जास्त स्थानिक कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाचं ऑनलाइन पोर्टल आहे, दुसरं फक्त ईमेल घेतं, तिसऱ्याला अजून छापील फॉर्म लागतो. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्राचं कार्ड महिन्यात आलं म्हणून तुमचंही येईल, असं धरून चालू नका.

आता बाम्फचे आकडे बघा. २०१५ मध्ये आश्रयाचे सुमारे ४ लाख ७७ हजार अर्ज आले, २०१६ मध्ये जवळपास साडेसात लाख. माणसं जास्त आली २०१५ मध्येच, पण नुसता अर्ज दाखल करून घ्यायलाच कित्येक महिने लागत होते, म्हणून आकडा पुढच्या वर्षात गेला. २०१६ च्या अखेरीस सव्वाचार लाखांहून जास्त अर्ज पडून होते. वर्षभरात ते ७० हजारांच्या खाली आले. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, पण तो ढीग गेला कुठे? नकार मिळालेले कोर्टात गेले आणि २०१७ च्या अखेरीस प्रशासकीय न्यायालयांत आश्रयाचे साडेतीन लाखांहून जास्त खटले साचले. ज्यांना होकार मिळाला, त्यांना परवाना कोण देणार? तुमच्याच गावातलं आउसलेंडरबेहोर्डे. बाम्फ निर्णय देतं, पण कार्ड स्थानिक खिडकीवरूनच मिळतं, वाढवूनही तिथेच घ्यावं लागतं. नकार मिळूनही ज्यांना परत पाठवता येत नाही, त्यांचा 'डुल्डुंग'चा (तूर्त राहू देण्याचा) कागदही तिथेच, दर काही महिन्यांनी. म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, फक्त त्यांनी बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलंय. तुमच्या खिडकीवरची गर्दी कालपरवा अर्ज केलेल्यांची नसते. आठ-दहा वर्षांपूर्वी आलेले लोक तिथे पुन्हा पुन्हा येत असतात.

अलीकडे पहिल्यांदा केलेले अर्ज २०२३ मध्ये ३ लाख २९ हजार होते, २०२४ मध्ये २ लाख ३० हजारांवर आले, २०२५ मध्ये त्याच्याही निम्मे. तरीही एका अर्जाला लागणारा सरासरी वेळ २०२३ मधल्या ६.८ महिन्यांवरून २०२४ मध्ये ८.७ महिन्यांवर गेला. हे उलटं वाटतं, पण सरासरी निकाली निघालेल्या अर्जांची काढतात. धूळ खात पडलेली जुनी प्रकरणं हातात घेतली की ती वाढणारच. त्यातच ८ डिसेंबर २०२४ ला सीरियात असद यांची सत्ता गेली आणि बाम्फने सीरियन लोकांचे निर्णय थांबवले. सुमारे ४७ हजार अर्ज तिथेच अडकले.

स्थानिक कार्यालयांचं कंबरडं खरं मोडलं ते युक्रेनच्या युद्धाने. मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा नियम लागू केला. त्यामुळे युक्रेनियन लोकांना आश्रयाचा अर्ज करावाच लागला नाही. दहा लाखांहून जास्त माणसं बाम्फला वळसा घालून थेट शहराच्या खिडकीवर आली, आणि प्रत्येकाला परवाना हवा होता. पुढे मुदत संपायला लागली तेव्हा सरकारने शहाणपणा केला. एक आदेश काढून सगळी कार्डं एकगठ्ठा मार्च २०२५ पर्यंत, मग मार्च २०२६ पर्यंत वैध ठरवली. कार्डावर जुनी तारीख, तरी कार्ड चालू. कुणाला खिडकीवर यावंच लागलं नाही. हे ब्लू कार्डवाल्यांसाठी का करत नाहीत, असं मला नेहमी वाटतं.

त्यात नागरिकत्वाची भर पडली. जून २०२४ पासून पाच वर्षांत अर्ज करता येऊ लागला, दुहेरी नागरिकत्वही चालू लागलं (आपल्याला त्याचा उपयोग नाही, भारत ते मान्य करत नाही). त्या वर्षी विक्रमी २ लाख ९२ हजार लोक जर्मन नागरिक झाले. दुसरीकडे कुशल कामगार आणा म्हणून सरकारच मागे लागलंय. महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात २०२४ साली तसा करारही झाला. बोलावणारे वरचे, कागद करणारे खालचे. खालच्यांकडे माणसं नाहीत आणि असलेली टिकत नाहीत.

आता तुमच्या कामाचं. टर्मिन मिळणं आणि अर्ज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टर्मिन नसला तरी मुदत संपण्याआधी अर्ज पाठवून द्या आणि पोचपावती जपून ठेवा. निवास कायद्याच्या ८१ व्या कलमाच्या चौथ्या उपकलमानुसार, वेळेत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचं धरतात. नोकरीसुद्धा चालू राहते. एचआरला दाखवायला 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' (निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला) मागून घ्या. तो घडीचा कागद हातात आला की आत तीन चौकोन दिसतील. परवाना पुढे चालू असल्याच्या, म्हणजे ८१ (४) च्या चौकोनात फुली आहे ना, ते खिडकीवरच बघा. तशी असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. ८१ (३) च्या पहिल्या वाक्याची फुली असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. तरीही मुंबईत चेक-इनच्या काउंटरवर हा कागद बघून भुवया उंचावतात. संपलेलं कार्ड, पासपोर्ट आणि हा कागद एकत्र ठेवा आणि विमानतळावर जरा लवकर जा.

तीन महिने सबळ कारणाशिवाय काहीच हललं नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईचा दावा लावता येतो. मी म्हणेन आधी वकिलाचं एक पत्र जाऊ द्या. पुष्कळदा तेवढ्याने फाइल सापडते.

आणि मुदतवाढ मागताच कशाला? ब्लू कार्डावर २७ महिने नोकरी करून पेन्शनचे हप्ते भरले असतील आणि जर्मन जुजबी ए१ पातळीची येत असेल, तर थेट पीआर (कायम राहण्याचा परवाना) मागता येतो. त्याहून वरची बी१ पातळी असेल तर २१ महिन्यांतच. तुमची तर चार वर्षं होत आली. अर्जावर पीआर लिहा, आणि तो होईपर्यंत गाडी अडू नये म्हणून 'ते न जमल्यास ब्लू कार्डची मुदतवाढ' अशी एक ओळ खाली जोडा. आधी पासपोर्टची तारीख मात्र बघून घ्या. तो वर्षभरात संपणार असेल तर नूतनीकरण आत्ताच करा, नाहीतर नवा पासपोर्ट आला की नव्या कार्डासाठी पुन्हा त्याच खिडकीवर जावं लागेल.