वाचक विचारतात : भिंतीवरचं चित्र

प्रश्न : वेंगुर्ल्याला आमच्या कंपाउंडची भिंत जांभ्याची आहे, वर सिमेंटचा गिलावा. वांद्र्याच्या चॅपल रोडवर आहेत तशी चित्रं तिच्यावर काढायची आहेत. पावसात टिकतील का?

उत्तर : टिकतील, पण रंगाच्या दुकानात जाण्याआधी भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरी भुकटी लागली तर लोणा (ओलीबरोबर वर आलेले क्षार) धरलाय असं समजा. त्यावर कितीही भारी रंग मारा, पापुद्रे सुटणारच. लोणा खरवडा, कोरड्या ब्रशने झाडा, आणि मुख्य म्हणजे भिंतीच्या माथ्याला सिमेंटचा उतार द्या. पाणी तिथूनच मुरतं. (गवंडी ‘गरज नाही’ म्हणेल. ऐकू नका.) मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि अ‍ॅक्रिलिक इमल्शन. ऑइलपेंट अजिबात नको, आतली ओल कोंडून फोड येतात. काम दिवाळीनंतरच काढा. भडक गुलाबी, पिवळे उन्हात लवकर विटतात. गेरू आणि काव मात्र तग धरतात.

चित्र मोठं करायला कागदावर चौकडी आखा, तीच मोठ्या मापात भिंतीवर रंग लावलेल्या दोरीने उमटवा. वांद्रे रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी 2014 मध्ये रंगवलेले दादासाहेब फाळके एकदा लांबून बघा. चेहरा सोपा ठेवला की रस्त्यावरूनही ओळखू येतो.