अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा ‘सोलोज, सेशन्स अँड एन्कोर्स’ हा अल्बम घ्यावा का? त्याच्या गाण्यांसोबत गिटार वाजवताना सूर का जुळत नाही?

घ्या, पण पहिला अल्बम म्हणून नको. आधी ‘टेक्सास फ्लड’ (१९८३) ऐका. ऑगस्ट १९९० मध्ये स्टीव्ही हेलिकॉप्टर अपघातात गेला. हा संग्रह २००७ चा. यात तो बहुतेक दुसऱ्यांच्या गाण्यांत पाहुणा आहे, आणि खरी गोडी तिथेच आहे: समोर कोण आहे यावर त्याचा हात बदलतो. गायक डेव्हिड बोवीच्या ‘लेट्स डान्स’मध्ये ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगची छाप स्पष्ट ऐकू येते, मोजके स्वर आणि लांब ओढलेले बेंड (तार बाजूला ओढून चढवलेला सूर). हे गाणं बोवीच्या मूळ अल्बममधलं, साडेसात मिनिटांचंच ऐका. सिंगलसाठी ते चार मिनिटांवर छाटलं होतं. गिटारवादक डिक डेलसोबतचं ‘पाइपलाइन’ मात्र सर्फ संगीताचं (वेगवान गिटारचा एक प्रकार), तिथे सगळा जोर झपाट्याने चालणाऱ्या पिकवर (तार छेडायच्या पट्टीवर).

सुराचं कारण असं: स्टीव्ही गिटार अर्धा स्वर खाली लावायचा, म्हणजे ई-फ्लॅटला. सहाही तारा तेवढ्याच उतरवा. पण पाहुणा म्हणून वाजवलेली सगळीच गाणी त्या सुरात असतील असं धरू नका. आधी बेस गिटारचा मूळ स्वर पकडा. गाणं नेहमीच्या ट्यूनिंगचं निघालं तर पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पहिल्या घरात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा, तारा पुन्हा चढवायला नकोत. त्याच्यासारखी १३ ची जाड तार (संचातली सर्वांत बारीक तार ०.०१३ इंच) लगेच घालू नका, बेंड अर्ध्यातच अडतो आणि मनगट दुखावतं. १० किंवा ११ चा संच पुरे.

अल्बर्ट किंगसोबतची जुगलबंदी हवी असेल तर ‘इन सेशन’ वेगळा घ्या (ध्वनिमुद्रण १९८३, प्रकाशन १९९९).